नॉर्डलिंगनची तटबंदी म्हणजे विवराची कड नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जर्मनीच्या रोमँटिक रोड या पर्यटन मार्गावरचा लेख वाचला. मराठी पेपरात नॉर्डलिंगनचं नाव बघून फार बरं वाटलं, कारण टूरवाले बहुतेक वेळा रोथेनबुर्ग दाखवतात आणि तिथून थेट नॉयश्वानस्टाइनचा किल्ला गाठतात, पण वरून काढलेल्या फोटोखाली जे छापलंय की गावाची गोल तटबंदी म्हणजेच उल्का पडून झालेल्या विवराची कड, ते साफ चुकीचं आहे.

तटाच्या आतलं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत एक किलोमीटरसुद्धा भरत नाही आणि ज्या विवराच्या आत ते वसलंय ते आहे साधारण २५ किलोमीटर रुंद! खरी कड बघायची तर सेंट जॉर्ज चर्चच्या ९० मीटर उंच टॉवरवर चढायचं, त्याला तिथे सगळे डॅनियल म्हणतात, साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर गेलं की खाली लाल कौलांची दाटी, त्यापलीकडे चहूकडे सपाट शेतं आणि मग लांबवर झाडीने भरलेल्या टेकड्यांची रांग, ती कड. तटबंदी माणसांनी बांधलीय. १३२७ साली सम्राट लुडविगने हुकूम दिला कारण जुन्या भिंतीबाहेर चामडं कमावणाऱ्यांची, विणकरांची वस्ती वाढली होती, तिला आत घ्यायचं होतं. आजही २.७ किलोमीटरचा अख्खा तट शाबूत आहे, पाच वेशी आहेत आणि छपराखालून पूर्ण फेरी मारता येते, एक पैसा न देता.

लेखात जे अजिबात आलं नाही ते चर्चच्या भिंतीत आहे. १४२७ ते १५०५ मध्ये बांधलेल्या या चर्चचा दगड जवळून बघा, राखाडी आहे आणि त्यात काळपट काचेसारखे तुकडे रुतलेत. याला सुएव्हाइट म्हणतात. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला तेव्हा वितळलेला आणि चुरा झालेला खडक परत खाली पडून हा दगड झाला, गवंड्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांनी जवळच्या खाणीतून आणला आणि रचला. नंतरही कित्येक वर्षं सगळे याला ज्वालामुखीचाच दगड मानायचे. १९६० मध्ये शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना त्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं, जे जमिनीवर फक्त अशा प्रचंड धडकेच्या दाबानेच तयार होतं, आणि तिथे वाद मिटला. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक हिरेही या दगडात आहेत. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर याच भागात दगड ओळखायला शिकायला आले होते, गावातल्या विवर म्युझियममध्ये अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा दगड ठेवलाय.

टॉवरवरचा पहारेकरी अजूनही रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने हाळी देतो. या हाळीमागची दंतकथा अशी की १४४० साली फितूर पहारेकऱ्यांनी एक वेस उघडी ठेवली होती आणि एका डुकराने तिला अंग घासलं म्हणून ते लक्षात आलं. ही गोष्ट सगळेच सांगतात. पण मारिया हॉलचं नाव फार कमी लोक घेतात आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १५९० च्या दशकात इथे चेटकीण ठरवून कित्येक बायकांना जिवंत जाळलं, खाणावळ चालवणारी मारिया मात्र साठाहून जास्त वेळा छळ सोसूनही कबूल झाली नाही, शेवटी १५९४ मध्ये तिला सोडावं लागलं. तिच्या नावाचं कारंजं गावात आहे, तिथे जरूर थांबा.

मी मूळचा मेहकरचा, लोणार आमच्यापासून जवळच, म्हणून हे सगळं जास्त जिव्हाळ्याचं. लोणारलाही आधी ज्वालामुखीचं विवर म्हणायचे, तेही धडकेनेच झालंय, रुंदी १.८ किलोमीटरच्या आसपास आणि तेही बसाल्ट या लाव्हापासून झालेल्या खडकात, जे जगात दुर्मिळ आहे. आपल्याच जिल्ह्यात असं विवर असताना मराठी वाचकाला तटबंदी आणि कड यातला फरक नीट कळायलाच हवा.

फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी आणि जमल्यास लोणार नि नॉर्डलिंगन या दोन्ही विवरांवर भूगर्भशास्त्राच्या जाणकाराकडून एक पान लिहून घ्यावं, ही विनंती. आणि कुणी म्युनिकला येत असेल तर डोनाउवोर्थला गाडी बदलून इथे ट्रेनने येता येतं, सकाळी निघून डॅनियल, तट आणि म्युझियम एका दिवसात आरामात होतं.

आपला एक वाचक,
म्युनिक (मूळ मेहकर, जि. बुलढाणा)