व्यवसायोपचाराची नोंदणी राज्याच्या सीमेवर अडू नये : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी गेली अठरा वर्षे कोल्हापुरात व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणून, म्हणजे लोकांच्या भाषेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, काम करते. आजार किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत, यासाठीचा हा उपचार. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे माझी रीतसर नोंदणी आहे. निपाणी इथून तासाभराच्या अंतरावर आहे. बाजारहाट, सोयरीक आणि दवाखाना या तिन्हींसाठी तिकडची माणसे कोल्हापूरला येतात. पण निपाणी कर्नाटकात आहे, आणि या पत्राचे कारण तेच आहे.

तिथल्या एक विडी कामगार मावशी अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्याकडे आल्या. उजवा हात लुळा पडला होता. थर्मोप्लास्टिकची पट्टी गरम पाण्यात मऊ करून मी त्यांच्या मनगटाला स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, बेतला. पुढे पेला धरणे, पोलक्याचे हुक लावणे, दोऱ्याला गाठ मारणे असा सराव चालला आणि दवाखान्यात हे सारे त्यांना जमू लागले. घरी मात्र न्हाणीचा उंबरठा ओलांडता येईना, आणि जमिनीलगतच्या चुलीपुढे बसले की उठता येईना. आमच्या कामाचा खरा भाग इथेच सुरू होतो, कारण न्हाणीत दांडी कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर हवी, हे घर पाहिल्याशिवाय नेमके सांगता येत नाही. त्यांच्या घरी जाऊन मी उपचार करू शकते का, असे मी एका कार्यालयाला लेखी विचारले. आपल्या राज्यापुरतेच सांगता येईल, एवढे उत्तर आले. मावशींचा मुलगा त्यांना आठवड्यातून दोनदा एसटीने कोल्हापूरला आणत राहिला आणि त्या प्रत्येक दिवसाची त्याची मजुरी बुडत राहिली.

महोदय, राज्यांच्या नोंदणीला माझा विरोध नाही. कोणीही उठून पाटी लावू नये, यासाठी ती हवीच. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा २०२१ चा कायदा संसदेने केला, तेव्हा त्यात व्यवसायोपचाराचा समावेश झाला आणि राज्यांच्या नोंदवह्यांबरोबर एका केंद्रीय नोंदवहीचीही तरतूद झाली, याचे आम्हाला फार समाधान वाटले होते. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत राज्यांनी आपापल्या परिषदा स्थापन करायच्या होत्या. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी मुदत घालून द्यावी लागली. अमेरिकेतही परवाना राज्याचाच असतो. तिथल्या राज्यांनी २०२१ पासून आपसांत करार करायला सुरुवात केली, ज्यात थेरपिस्टचा मूळ परवाना स्वतःच्या राज्यात राहतो आणि करारातील इतर राज्यांत त्याच्या आधारे काम करण्याची मुभा मिळते. आपल्याकडे एकच केंद्रीय कायदा आहे, त्यामुळे राज्याराज्यांत वेगळे करार करण्याचीही गरज पडू नये.

माझी विनंती अशी आहे की, केंद्रीय नोंदवहीतील एक नोंद देशभर उपचारासाठी पुरेशी आहे, मग तो उपचार रुग्णाच्या घरी असो वा व्हिडिओ कॉलवर, हे आयोगाने स्पष्ट शब्दांत कळवावे. जुन्या राज्य परिषदांकडील नावे पुन्हा कागदपत्रे आणि शुल्क न मागता तिथे घ्यावीत. आणि रुग्णाची तक्रार त्याच्या स्वतःच्या राज्यातील परिषदेकडे चालावी. कारण निपाणीच्या बाईला माझ्याविरुद्ध दाद मागण्यासाठी मुंबई गाठावी लागणार असेल, तर ती सोय माझी झाली, तिची नाही. हा शेवटचा मुद्दा आमच्याच व्यवसायातील काहींना आवडणार नाही, तरीही तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

व्यवसायोपचाराचे शिक्षण देशात प्रथम १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. त्यांनी समुद्रापलीकडून आणलेली ही विद्या निपाणीपर्यंत पोहोचावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मावशींच्या न्हाणीचे माप मुलाने सुतळीला गाठी मारून आणले होते. त्यावरून मी दांडीची जागा सांगितली आणि त्याने ती बसवून घेतली. ती योग्य उंचीवर बसली आहे की नाही, हे मी अजून पाहिलेले नाही.

आपली नम्र,
कोल्हापूर येथील एक व्यवसायोपचारतज्ज्ञ