पेसाहच्या ताटात भात असावा का?

ठाणे,
मार्च 2026

चि. इलायस यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि शालोम.

तुझे पत्र पोहोचले. यंदाचा पेसाहचा सेदर, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाचे पहिल्या रात्रीचे विधिवत जेवण, इस्रायलमध्ये आश्दोदला तुमच्या घरी होणार आणि सूनबाईंचे आईवडीलही त्या रात्री तुमच्या पंक्तीला असणार, हे वाचून फार समाधान वाटले. मात्र त्याच पत्रात तू विचारले आहेस की, व्याह्यांच्या घरी पेसाहात भात शिजत नाही, तेव्हा आपणही भात, मनुकांचे शरबत आणि सेदरला वाचायचा मराठी हगादा बाजूला ठेवून सगळे त्यांच्याच रीतीने करावे का. हा प्रश्न तू संकोचाने विचारला आहेस हे मला ओळींवरूनच कळले, म्हणून फोनवर दोन शब्दांत उत्तर न देता सविस्तर लिहीत आहे.

आधी भाताचे सांगते. तोराने, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाने, पेसाहात मनाई केली आहे ती हमेत्साची, म्हणजे गहू, जव आणि त्यांच्या जातीच्या धान्यांना पाणी लागून आलेल्या आंबवणाची. तांदूळ त्यात मोडत नाही. तालमुदात, म्हणजे प्राचीन धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, तर सेदरच्या ताटात कोणते दोन शिजवलेले पदार्थ असावेत याची चर्चा आहे आणि तिथे रव हुना या गुरूंनी बीट आणि तांदूळ ही नावे घेतली आहेत. तांदूळ आणि कडधान्ये वर्ज्य करण्याची रीत युरोपातल्या अश्कनाझी यहुद्यांमध्ये साधारण 13व्या शतकापासून रूढ झाली. त्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, म्हणून तिचा मान राखलाच पाहिजे. पण ती त्यांची रीत आहे. आपले पूर्वज भाताच्या मुलखात राहिले आणि त्यांनी पेसाहात भात खाल्ला, यात हयगय किंवा अज्ञान नव्हते, हे तू मनाशी पक्के धर.

तेव्हा भात अवश्य कर. तो वेगळ्या पातेल्यात शिजव, विहीणबाईंना कशात काय आहे ते आधीच सांग आणि त्यांच्या पानात आग्रहाने वाढू नकोस. तांदूळ मात्र सणाच्या आधीच निवडून ठेव. पांढऱ्या कापडावर मूठमूठ पसरून, बोटाने एकेक दाणा बाजूला सारत, गव्हाचा किंवा जवाचा चुकार दाणा राहिला नाही ना हे तीनदा पाहायचे, आणि तेही दिवसाउजेडी. मुलांना बरोबर घेऊन बस. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बरोबरचे सारे ग्रंथ समुद्रात गेले, ही कथा तू लहानपणापासून ऐकली आहेस. त्यानंतर कित्येक शतके कोकणातल्या बेने इस्रायलांजवळ, म्हणजे आपल्या यहुदी समाजाजवळ, ना हगादा होता ना तालमुद. शेमाची प्रार्थना तोंडपाठ होती, शब्बाथचा विश्रांतिदिवस पाळला जात होता आणि सण घराघरांत मराठी नावांनी चालू होते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात ती नावे आली आहेत. पुरीमला होळीचा सण म्हणत आणि पेसाहला अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे आंबवणीचे मडके. ते सणाच्या दिवसांपुरते झाकून बाजूला ठेवत. मला या गोष्टीचे फार मोल वाटते, कारण मिसर देशातून झालेल्या सुटकेची कहाणी वाचून दाखवणारे कोणी नसतानाही, चैत्रात आंबट मडके झाकायचे एवढे त्या बायका विसरल्या नाहीत. पुढे कोचीनहून आणि इतर ठिकाणांहून आलेल्या गुरुजनांनी प्रार्थना आणि विधी शिकवले ते खरे, पण शिकवण रुजायला जमीन तयार होती ती या स्वयंपाकघरांमुळे.

यंदा पुरीम आणि होळी अगदी जोडून आल्या. पुरीमला एस्तेरची मगिला, म्हणजे तिच्या कथेची पोथी, वाचताना यहुद्यांचा वैरी हामान याचे नाव आले की सिनेगॉगमधली मुले जो गलका करतात, तो या वर्षीही भरपूर झाला. त्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळीत अहश्वेरोश राजाचे राज्य भारतापासून कूशपर्यंत 127 प्रांतांवर होते असे म्हटले आहे, तेव्हा आपल्या देशाचे नाव ऐकताच दर वर्षी माझा ऊर भरून येतो. पुरणपोळ्या केल्या, शेजाऱ्यांकडे ताटे पाठवली आणि गरजूंचा वाटा आधी काढून ठेवला. तुमच्याकडेही हा वाटा चुकू देऊ नकोस.

आता घरात पेसाहची तयारी चालू आहे. भिंतींना सफेदी झाली, पिठाचे डबे रिकामे करून उन्हात पालथे घातले आणि तांब्यापितळेची भांडी कल्हईला दिली. कल्हईवाला आता सहज मिळत नाही; त्याला आधीपासून सांगून ठेवावे लागते. त्याने पातेले लालसर तापवले, त्यात नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आत टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवताच काळवंडलेले भांडे आतून चंदेरी झाले. तुमच्याकडे स्टीलची भांडी आहेत, त्यांना कल्हईची गरज नाही. ती नीट घासून उकळत्या पाण्यातून काढलीस म्हणजे झाले.

शरबताची कृती लिहून ठेव. काळ्या मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी हाताने चांगल्या कुस्करायच्या आणि त्याच पाण्यासह मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. साखर घालायची नाही. सेदरचे चारही पेले तुझ्या आजोबांनी आयुष्यभर याच शरबताचे घेतले. व्याह्यांसाठी द्राक्षारसाची बाटली ठेव, आपल्यासाठी शरबत ठेव. दोन्हींवर आशीर्वाद एकच म्हटला जातो. हरोसेतसाठी, म्हणजे सेदरच्या ताटातल्या गोड पाकासाठी, खजूर शिजवून, गाळून, मंद आचेवर पाक होईपर्यंत आटव. ढवळणे थांबवलेस तर तो तळाला लागतो.

हगाद्याबद्दल माझे मत ठाम आहे. मुंबईत 1846 साली मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला आणि 1874 साली पुण्यात जो निघाला, त्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका मात्साचे, म्हणजे बिनआंबवणाच्या पोळीचे, पीठ मळताना आणि पोळ्या भाजताना दिसतात. सेदरच्या आरंभी ‘जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे’ हे जे आमंत्रण आहे, ते हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे, कारण ती त्या काळच्या घरादारांत बोलली जाणारी भाषा होती. मग तुझ्या मुलीने तेच आमंत्रण मराठीत वाचले तर त्यात उणे काय आहे? सेदरला मुलांनी विचारायचे चार प्रश्न तिने हिब्रूत म्हणावेत, तुझ्या सासऱ्यांना हवे तर त्यांनी ते त्यांच्या भाषेत म्हणावेत, पण एकदा ते मराठीत ऐकू आले पाहिजेत. आपली भाषा त्या घरात वर्षातून एका रात्री तरी मोठ्याने वाचली जावी, एवढे मागण्याचा मला हक्क आहे.

तुझ्या संकोचाचे मूळ मला ठाऊक आहे. आपल्या लोकांच्या यहुदीपणाविषयी तिथे एके काळी शंका घेतल्या गेल्या, त्याविरुद्ध आपली माणसे धरणे धरून बसली आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे स्पष्ट केले. तो प्रश्न तेव्हाच मिटला. आता आपल्याच पंक्तीला बसलेल्या आप्तांपुढे तू आपले ताट झाकू नकोस. विहीणबाई आपल्या रीती प्रेमाने पाळतात, म्हणूनच आपल्या रीतींची किंमत त्यांना कळेल असा माझा विश्वास आहे.

इथे आपण दोन रात्री सेदर करतो, तिथे एकच असतो. यात मात्र तू तिथलाच नियम पाळायचा. तू थोरला आहेस, तेव्हा आदल्या दिवशीचा ज्येष्ठ पुत्राचा उपास लक्षात ठेव. दुसऱ्या रात्रीपासून ओमेर, म्हणजे पुढच्या सणापर्यंतचे दिवस, मोजायला लाग आणि 49 दिवस खंड न पडू देता शावुओथच्या सणापर्यंत मोज. अलिबागला आता सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमवणेही कठीण होते. तुमच्या आसपास ते सहज जमतात, म्हणून संध्याकाळच्या प्रार्थनेला जाण्याचा आळस करू नकोस.

तुझा मामेभाऊ 25 तारखेला निघतो आहे. त्याच्याबरोबर मनुका आणि मराठी हगाद्याची छायाप्रत पाठवते आहे. जुन्या प्रतीची पाने हाताळली की तुटतात, म्हणून मूळ प्रत इथेच ठेवली आहे. सेदर बुधवारी, 1 एप्रिलच्या रात्री आहे. इथे सूर्य तुमच्या आधी मावळतो आणि सण लागल्यावर मी फोन घेणार नाही, तेव्हा तुमच्या दुपारी दोनच्या आत फोन कर आणि हरोसेतचा पाक कसा झाला ते सांग.

सूनबाईंना आणि नातीला आशीर्वाद, व्याह्यांना आणि विहीणबाईंना माझा सप्रेम शालोम.

तुझी,
आई