सेंट लुसियातला एक दिवस : अनघाला पत्र

पुणे

चि. सौ. अनघा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावर तुमचे जहाज थांबेल त्या दिवशी कोणती सहल घ्यावी हे ठरत नाही, म्हणून तू जहाज-कंपनीची यादी पाठवलीस. तुझ्या आईने आणि मी ती शांतपणे वाचली. दादाने आम्हाला त्या बेटावर नेले होते, त्यामुळे यादीतल्या बऱ्याच जागा डोळ्यांसमोर आहेत. माझे मत आधी सांगतो आणि मग त्यामागची कारणे सविस्तर लिहितो. तू, निखिलराव, लहानगा अर्णव आणि सासूबाई अशा तुम्ही चौघांनी कॅटामरान, म्हणजे दोन जोडसांगाड्यांच्या बोटीने सूफ्रिएर गावाला जावे, गंधकाचे झरे आणि वनस्पती-उद्यान एवढेच पाहावे, आणि ही सहल जहाजाकडूनच घ्यावी. ‘एका दिवसात संपूर्ण बेट’ ही मिनीबसची सहल स्वस्त आणि भरगच्च दिसते. तरी ती घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

जहाज सकाळी आठला बेटाची राजधानी कॅस्ट्रीजच्या धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी पाचला सुटेल, असे तुझ्या वेळापत्रकात आहे. या नऊ तासांतले तुमच्या हाती किती येतात, ते आधी मोजू. सगळ्यांनी साडेचारपर्यंत जहाजावर परतायचे असते. सकाळी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून, हजारो प्रवाशांच्या रांगेतून उतरून तुम्ही गाडीत बसेपर्यंत पावणेनऊ होतील. संध्याकाळी निदान एक तास हाताशी ठेवायचा म्हटले, तर साडेतीनला धक्क्यावर पोहोचले पाहिजे. म्हणजे उरले पावणेसात तास. ज्यासाठी लोक सेंट लुसियाला जातात, ते पिटॉन डोंगर आणि गंधकाचे झरे बेटाच्या नैऋत्येला सूफ्रिएर गावाजवळ आहेत, आणि कॅस्ट्रीजहून तिथे पोहोचायला रस्त्याने सुमारे दीड तास लागतो. येण्याजाण्याचे तीन तास वजा केले की पावणेचार तास राहतात. त्यात मिनीबसवाल्यांनी मासेमारीचे गाव, मळा, झरे, धबधबा, डोंगर दिसणारी जागा आणि पुळण असे सहा थांबे आणि शिवाय जेवण बसवले आहे. प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा तास मिळेल, आणि त्यातलाही बराच गाडीतून उतरण्याचढण्यात आणि माणसे मोजण्यात जाईल. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखत असताना त्यांना सहा वेळा मिनीबसच्या उंच पायरीवरून चढवायचे-उतरवायचे, हे मला योग्य वाटत नाही.

सहलींची वर्णने वाचताना क्रियापदांकडे नीट लक्ष दे. ‘पाहाल’ म्हणजे बहुतेक वेळा गाडीच्या काचेतून पाहाल. ‘छायाचित्रासाठी थांबा’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. ‘भेट द्याल’ असे लिहिले असेल तिथेच खऱ्या अर्थाने पाय टेकायला मिळतात. सहलीचा म्हणून जो वेळ दिलेला असतो, त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरलेला असतो, आणि श्रमाच्या खुणेसमोर ‘मध्यम’ लिहिले असले तरी पायऱ्या किती आहेत हे त्यावरून कळत नाही. पायऱ्यांचे जहाजावरच्या सहलींच्या खिडकीवर स्पष्ट विचार. तिथले लोक हे प्रश्न रोज ऐकतात आणि बऱ्यापैकी खरी उत्तरे देतात.

आता बोटीबद्दल. सूफ्रिएरचा रस्ता मारिगो, आन्स ला रे, कॅनरीज अशा गावांवरून डोंगर चढत-उतरत जातो. आपल्या वरंधा घाटासारखी वळणे आहेत, आणि घाटात अर्णवची काय अवस्था होते ते तुला माहीत आहे. त्या बेटावर वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून, अटलांटिकवरून येतो. मधल्या डोंगररांगेमुळे पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला राहतो आणि तिथले पाणी पूर्वेकडच्या मानाने पुष्कळ शांत असते. बोट सगळा वेळ याच किनाऱ्याने जाते. तरीही अर्णवला बोट लागण्याचे औषध निघण्याच्या तासभर आधी द्यावे, म्हणजे चिंता नाही. शिवाय पिटॉन खरे पाहावेत ते पाण्यावरूनच. ग्रो पिटॉन 770 मीटर आणि पेती पिटॉन 743 मीटर, असे दोन ज्वालामुखीजन्य सुळके समुद्रातून थेट वर आले आहेत. युनेस्कोने 2004 मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. रस्त्यावरून ते तुकड्यातुकड्यांनी दिसतात, बोटीतून मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग दिसतात, आणि सासूबाईंना एका जागी बसून पाहता येतात.

निखिलरावांना ग्रो पिटॉन चढायचा आहे, असे तू लिहिले आहेस. त्यांचा उत्साह मला आवडतो, पण या वेळी तो बेत सोडावा. त्या चढाईला स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो, जाऊन-येऊन चार-पाच तास जातात, आणि पायथ्याचे फाँ जाँ लिब्र हे गाव सूफ्रिएरच्याही पुढे आहे. वर केलेल्या हिशेबात हे बसत नाही. त्यांना डोंगर चढायचाच असेल, तर त्या बेटावर दोन दिवस मुक्काम करून जावे.

गंधकाचे झरे हे एका जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखातले उकळते चिखलाचे खड्डे आहेत. गाडी अगदी जवळपर्यंत जाते. पूर्वी पर्यटकांना खड्ड्यांच्या काठापर्यंत नेत असत, पण वरचा पापुद्रा खचून एक वाटाड्या भाजल्यानंतर ते बंद झाले, आणि आता कठड्यामागूनच पाहायचे असते. अर्णवला ही गोष्ट आधीच सांगून ठेव, म्हणजे तो कठड्याशी खेळणार नाही. खालच्या बाजूला पाणी निवून कोमट होते, तिथे अंगाला चिखल लावून स्नान करण्याची सोय आहे. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास आहे, तेव्हा त्यांनी फक्त पाय बुडवून बसावे आणि तेही थोडाच वेळ. पोहण्याचे जुने कपडे न्यावेत, कारण त्या चिखलाचे डाग जात नाहीत. आणखी एक गोष्ट यादीत कुणी लिहीत नाही. तिथल्या वायूने चांदी काळी पडते, म्हणून सासूबाईंनी आणि तूही जोडवी आणि पैंजण त्या दिवशी जहाजावरच्या खोलीत ठेवावेत.

वर म्हटलेले वनस्पती-उद्यान, म्हणजे डायमंड उद्यान, सूफ्रिएरजवळच आहे आणि बहुतांशी सपाट आहे. तिथली स्नानगृहे फ्रेंच राजा सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी 1784 मध्ये बांधायला घेतली होती. धबधबा लहान आहे, पण खनिजांमुळे त्याच्या कातळावर पिवळे-केशरी रंग चढले आहेत. सासूबाईंना बागेची आवड आहे. कोको, जायफळ आणि नीरफणस ही झाडे एकाच फेरीत पाहून त्यांना आनंद होईल, याची मला खात्री आहे.

जहाजाच्या सहलीत याऐवजी कोकोच्या मळ्याचा पर्याय मिळत असेल, तर मात्र विचार करण्यासारखे आहे. अर्णव आता नऊ वर्षांचा आहे, आणि चॉकलेट कुठून येते हे पाहताना, ते पीक मूळ कुणाच्या श्रमांवर उभे राहिले, हेही त्याच्या कानावर पडावे असे मला फार वाटते. हे बेट फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात चौदा वेळा हातोहात गेले, आणि दोघांच्याही काळात ऊस आणि कोको पिकवला तो आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. फ्रान्सने 1794 मध्ये गुलामी रद्द केली, पण इंग्रज परत आल्यावर तिथल्या मुक्त लोकांना शस्त्र घेऊन रानात लढावे लागले, आणि इंग्रजी कायद्याने पूर्ण मुक्ती मिळाली ती 1838 मध्ये. त्यानंतर मळ्यांना मजूर हवे म्हणून 1859 पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. कॅस्ट्रीजमध्ये हरभरा-बटाट्याची रोटी मिळते, ती त्या लोकांची देणगी आहे. मळ्यातला वाटाड्या यंत्र आणि खेचराची चक्की दाखवील. तिथे कोण राबत होते, हे त्याला अर्णवकडूनच विचारव. तिथले लोक अशा प्रश्नाने रागावत नाहीत, उलट मनापासून सांगतात.

सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून, हा तुझा दुसरा प्रश्न. बाहेरून घेतल्यास पैसे वाचतात आणि गर्दी कमी असते, हे खरे आहे. परंतु जहाजाच्या सहलीची बोट उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या सहलीत तसे होत नाही. पुढचे बंदर दुसऱ्या देशात असते, आणि तिथपर्यंतचे विमान, तिथला व्हिसा हे सगळे आपले आपण पाहायचे असते. सासूबाईंकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक अवघड होईल. हवामानामुळे जहाज त्या बंदराला लागलेच नाही, तर जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत मिळतात, बाहेरच्यांच्या अटी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. म्हणून माझा नियम असा आहे, की धक्क्यापासून दूर जायचे असेल तेव्हा जहाजाची सहल घ्यावी आणि जवळपास फिरायचे असेल तेव्हा स्वतःची टॅक्सी करावी.

सासूबाईंना त्या दिवशी बोट नको वाटली, तर हा दुसरा भाग उपयोगी पडेल. बेटाच्या उत्तर टोकाला पिजन आयलंड आहे. ते पूर्वी वेगळे बेट होते, आता बांध घालून जोडले आहे. तिथल्या किल्ल्यावरून इंग्रज आरमारप्रमुख रॉडनीने शेजारच्या मार्टिनिक बेटावरच्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवली आणि 1782 मध्ये सेंट्सच्या लढाईत त्याचा पराभव केला. निखिलराव आणि अर्णव चढून बुरुजापर्यंत जातील, तुम्ही दोघी खाली झाडांच्या सावलीत बसाल. वाटेत ग्रो इले इथे क्रिकेटपटू डॅरेन सॅमी यांच्या नावाचे मैदान लागते. तिथेच 24 जून 2024 रोजी आपल्या रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 41 चेंडूंत 92 धावा केल्या. अर्णवला बाहेरूनही ते पाहायला आवडेल. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, ते सगळ्यांचे मिळून आणि परतीसह आहे का हे विचारावे, आणि ‘डॉलर’ म्हणजे कोणता डॉलर हे स्पष्ट करून घ्यावे, कारण तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर वेगळा आहे आणि एका अमेरिकन डॉलरला त्याचे 2.70 मिळतात.

परतल्यावर तासभर उरला तर कॅस्ट्रीजमध्ये डेरेक वॉलकॉट चौक जरूर पाहा. वॉलकॉट यांना 1992 चे साहित्याचे नोबेल मिळाले, आणि त्यांच्या आधी याच गावात जन्मलेल्या आर्थर लुईस यांना 1979 चे अर्थशास्त्राचे. एवढ्याशा बेटाचे हे कर्तृत्व मला फार मोठे वाटते. चौकात एक अतिशय जुना प्रचंड वृक्ष आहे, तो मुंबईच्या रस्त्यांवरच्या विलायती शिरीषाचाच.

वेळेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही डिसेंबरात फोर्ट लॉडरडेलहून निघत आहात. हिवाळ्यात सेंट लुसियाचे घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असते. काही जहाजे आपली घड्याळे बदलतात, काही बदलत नाहीत, आणि मोबाईल मात्र बेटाजवळ येताच स्वतःहून स्थानिक वेळ दाखवू लागतो. जहाजाने वेळ बदलली आणि तुमच्या मनगटावर फ्लोरिडाची वेळ राहिली, तर तुम्ही निवांत तासभर उशिरा पोहोचाल. आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात ‘जहाजाची वेळ’ पाहून साधे मनगटी घड्याळ तिला लावावे आणि दिवसभर तेच मानावे.

अर्णवची लष्करी नक्षीची टोपी घरीच ठेव. त्या देशात सैनिकांसारखे ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसांना कायद्याने वर्ज्य आहेत, मुलांनाही. समुद्रकाठी मँचिनीलचे झाड असते, त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात. ती खायची नाहीतच, पण पाऊस आला तरी त्या झाडाखाली उभे राहू नये, कारण पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते. जहाजावरची फळे आणि शिजवलेले अन्न खाली नेऊ देत नाहीत, म्हणून सासूबाईंसाठी बंद पाकिटातले खाकरे आणि चिक्की बरोबर असू द्यावी. सहलीतल्या जेवणात खारवलेली मासळी आणि कच्ची केळी असण्याची शक्यता आहे, तेव्हा शाकाहारी जेवणाचे नाव नोंदवतानाच सांगावे.

कॅटामरानच्या जागा मर्यादित असतात आणि जहाज निघण्याआधीच भरतात, म्हणून या आठवड्यातच नोंदणी कर. पण त्याआधी सासूबाईंना बोटीत चढण्याची पायरी जमेल का, हे त्यांनाच मोकळेपणाने विचार. आपण परस्पर ठरवू नये. त्यांचा होकार आला की मला कळव, म्हणजे परतीच्या वेळा मी एकदा पाहून देतो.

सासूबाईंना आमचा नमस्कार सांग, निखिलरावांना आशीर्वाद, आणि अर्णवला आजी-आजोबांचा गोड पापा.

तुझे,
बाबा