दादा, तुमचा दहाचा पाना माझ्याकडे राहिलाय

दादा, नमस्कार. गडबडीत नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून दादाच म्हणतो. मार्चमधे इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅल्युमेटच्या पुढे कॉपर हार्बरच्या ट्रेलवर दोन पोरं स्नोमोबाइलचं (बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं) बॉनेट उघडून "आयला, गेलं इंजिन" करत बसली होती, त्यातला उंच तो मी, मिशिगन टेकला शिकतो. शेजारून स्लो जाताना मराठी ऐकलंत आणि पुढे जाऊन परत वळून आलात, ते काय विसरत नाय.

सगळ्यात आधी थँक्यू माझे हात वाचवल्याबद्दल. टेम्परेचरचा दिवा लागला होता आणि मी गरम इंजिनवरच कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) कॅप फिरवायला निघालेलो. "कुकर गॅसवरून उतरवून लगेच झाकण काढतोस का रे?" असे ओरडलात की माझा हात जागच्या जागी थांबला.

आमचं आपलं ठरलेलं, रात्री गोठून ट्रेलचा बर्फ कडक झालाय, खालच्या रबरी पट्ट्यामुळे कूलरवर (कूलंट ज्यात गार होतं त्यावर) उडायला भुसभुशीत बर्फच नाही, म्हणून तापतंय. तुम्ही ग्लव्ह काढून टनेलच्या (पट्ट्यावरच्या पत्र्याच्या, कूलर असतो तिथे) खाली हात घातलात, पुढून मागपर्यंत चाचपलंत आणि म्हणालात की नुसतं तेवढंच असतं तर कूलर सगळीकडे गरम लागला असता, हा पुढे चटके देतोय आणि मागे थंडगार, म्हणजे कूलंट फिरतच नाहीये. मग विचारलंत, कूलंट कधी बदललं? गेल्या आठवड्यात, घरीच, यूट्यूब बघून. "मग एअर धरलीय. विहिरीवरची मोटर बघितलीय का कधी?"

दादा, खरं सांगतो, कान लाल झाले. आमच्या विहिरीवर ५ एचपीची मोटर आहे, फूटवॉल्व्ह गळला की बाबा बादल्या ओतून पाणी भरतात, हवा निघेपर्यंत थेंब वर चढत नाही हे मी लहानपणापासून बघतोय, आणि इथे मेकॅनिकलमधे एमएस करून डोक्यात आलं नाही!! थर्मोस्टॅट अडकला तरी असंच होतं हेही तुम्ही सांगितलंत, पण "आधी फुकटातलं बघू".

मग इंजिन गार होईपर्यंत तुमच्या थर्मासमधला चहा (आलं घातलेला, उणे तापमानात, काय बोलू). नंतर तिघांनी पुढचं तोंड उचलून बर्फाच्या ढिगावर टेकवलं, तुम्ही ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल केलात, इंजिन चालू ठेवून बुडबुडे येऊ दिलेत, सलग धार आल्यावर आवळला. लेव्हल चांगलीच खाली गेली होती, तुमच्याकडच्या बाटलीतलं फिफ्टी-फिफ्टी कूलंट ओतलंत, परत मागे हात लावून बघायला सांगितलंत, कोमट!

जाता जाता आमचे स्क्रॅचर (बर्फ खरवडायच्या दांड्या) वर अडकवलेले दिसले म्हणून वैतागलातही. तेव्हापासून कडक ट्रेलवर खाली सोडतो, बर्फ खरवडून चुरा कूलरवर आणि पट्टा ज्यावर घसरतो त्या स्लाइडवरही उडतो, आणि रिव्हर्स घ्यायच्या आधी आठवणीने वर अडकवतो, नाहीतर मोडतील म्हणालात. होटनपर्यंत (आमच्या कॉलेजच्या गावापर्यंत) दिवा एकदाही लागला नाही. ३१ मार्चला सीझन संपायच्या आत अजून एकदा काढली, तेव्हाही नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर पाच मिनिटं नुसते हसत होते.

तर दादा, ब्लीड स्क्रूचा तो दहाचा पाना माझ्या जॅकेटच्या खिशात सापडला. कूलंटची बाटलीपण देणं लागतो. हे वाचलंत तर मेसेज टाका, आणून देतो.