दिसणं वेगळं, उघडणं वेगळं : आमच्या नेटवर्कवाल्या दादांना आभारपत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं बिल चुकतं केलं, आभार मात्र मानायचे राहून गेले. ते सगळ्यांसमोर मानतो आहोत, कारण पाच-सहा कॉम्प्युटरच्या जवळपास प्रत्येक ऑफिसात हीच तक्रार असते. ‘नेटवर्क’मध्ये एक मशीन दिसतं, शेजारचं दिसत नाही, काल उघडणारं शेअर फोल्डर आज पासवर्ड मागतं. अशा वेळी घाईचे इलाज तीन : फायरवॉल बंद करायची, फोल्डरला ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्यायचा, नाहीतर विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, आता असुरक्षित ठरलेली पद्धत) पुन्हा चालू करायचं. तुम्ही यातलं एकही केलं नाहीत, म्हणून हे पत्र.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, “मशीन दिसत नाही, की उघडत नाही?” त्या प्रश्नाने निम्मं काम झालं. विंडोजचं बटण आणि आर दाबून तुम्ही \\१९२.१६८.१.२० असा थेट पत्ता टाकलात. पत्त्याने फोल्डर उघडलं तर केबल, स्विच, फायरवॉल, पासवर्ड सगळं ठीक. अडचण नावाची किंवा ‘नेटवर्क’मधल्या मशीनच्या यादीची. मग त्याच जागी मशीनचं नाव टाकायचं. नावानेही उघडलं, तर उरतं फक्त त्या यादीत मशीनचं चित्र न दिसणं, आणि त्यापायी काम थांबवायची गरज नाही. मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे ड्राइव्हसारखं अक्षर देऊन जोडलेलं शेअर फोल्डर, त्या चित्राशिवायही चालतो.

पिंगवर (मशीन उत्तर देतं का हे पाहणाऱ्या कमांडवर) भरवसा ठेवू नका, हेही तुम्ही सांगितलंत. फायरवॉल पिंग अडवू शकते आणि तरी फाइल्सचा रस्ता मोकळा असू शकतो. फाइल शेअरिंग टीसीपी ४४५ या पोर्टवर (मशीनच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर) चालतं, म्हणून पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीतल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने तेच पोर्ट तपासायचं.

यादी रिकामी का राहते, हे तुम्ही नीट समजावलंत. पूर्वी ती यादी कॉम्प्युटर ब्राउझर ही सर्व्हिस भरायची आणि ती एसएमबी १ वर उभी होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर, म्हणजे फाइल्स देणारा भाग, येत नाही. आता मशीन्स एकमेकांना डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने शोधतात, यूडीपी ३७०२ वर. त्यासाठी सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ चालू लागते. ती सुरू करायची जे मशीन दिसत नाही त्याच्यावर. आपण बसून शोधतो आहोत त्या मशीनवर करून उपयोग नाही, कारण तिचं काम स्वतःची हाक बाहेर देण्याचं आहे. शोधणाऱ्याला लागते ‘फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट’. तुम्ही दोन्ही सर्व्हिसेस पाचही मशीनवर ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्टवर ठेवल्यात. नवा राउटर आल्यावर विंडोजने ते नवं नेटवर्क ‘पब्लिक’, म्हणजे मशीन इतरांपासून लपवायचं असं, धरलं होतं, तेही ‘प्रायव्हेट’ केलंत. फायरवॉल चालूच राहिली.

दुसऱ्या खोलीतल्या दोन मशीन्सचं कोडं मात्र खरं तुमचं कसब दाखवून गेलं. तिथून इकडची फाइल उघडत होती, इकडून तिकडची नाही. तुम्ही आधी पत्ते पाहिलेत : इकडे १९२.१६८.१, तिकडे १९२.१६८.०. म्हणजे वायफायसाठी लावलेला दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क करून बसला होता. त्यातून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही, आणि डिस्कव्हरीची हाक राउटर ओलांडत नाही. इलाज किती साधा! आधी त्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिलात, त्याचं डीएचसीपी (मशीन्सना पत्ते वाटण्याचं काम) बंद केलंत, मग वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टमधली केबल काढून लॅन (आतल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये घातलीत. हा क्रम उलटा केला तर एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी होतात आणि मशीन्स हवे तिथून पत्ते उचलतात. गेस्ट वायफायवरचा लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर आणलात तेव्हा तोही दिसू लागला.

पासवर्डचा गोंधळ बहुतेकांना छळतो, तो असा सुटला. पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. रिकामा पासवर्ड असलेलं खातंही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ मध्ये गेस्ट म्हणून जाणंही बंद आहे. म्हणून फाइल्स असलेल्या मशीनवर तुम्ही प्रत्येकाचं लोकल खातं केलंत, पासवर्डसकट, आणि बाकीच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या (विंडोज पासवर्ड साठवतं तिथल्या) जुन्या नोंदी पुसल्यात. जुनी नोंद राहिली की विंडोज गुपचूप तीच पाठवतं आणि माणूस नवा पासवर्ड टाकून टाकून थकतो. शेअरिंगमध्ये ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल तर वाचताच येतं, लिहिता येत नाही, कारण दोन्हींतली कडक परवानगी लागू होते. हिशेबाच्या फोल्डरवर नेमकं तेच झालं होतं.

जुना स्कॅनर फक्त एसएमबी १ बोलतो, हे कळल्यावरही तुम्ही बधला नाहीत. एका यंत्रासाठी पाच मशीन्सचं दार उघडायचं नाही, असं म्हणत त्याचे स्कॅन ईमेलवर वळवलेत. ते आम्हाला फार मोलाचं वाटलं.

राउटरमध्ये .२० हा पत्ता त्या मशीनसाठी राखून ठेवल्यापासून मॅप ड्राइव्ह तुटलेला नाही. पुढच्या महिन्यात सहावं मशीन येतं आहे. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवू, प्रोफाइल प्रायव्हेट करू, आणि दिसलं नाही तर आधी पत्ता टाकून पाहू.

तुमचे मनापासून आभारी,
ऑफिसमधले आम्ही सगळे