छापलेल्या घड्या

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या चित्रपट-पोस्टरांवरील लेखात किमतींची चर्चा भरपूर होती. परंतु अस्सल पोस्टर ओळखावे कसे, याविषयी एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

बंडखोर नायकांच्या चित्रपटांची पोस्टरे मी अनेक वर्षे जमवतो. गेल्या महिन्यात इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका दुकानात मला ‘दीवार’चे (१९७५) ‘ओरिजिनल’ पोस्टर दाखवण्यात आले. घडीच्या पांढुरक्या रेघा त्यावर होत्या खऱ्या, पण बोट फिरवले तर कागद सपाट, गुळगुळीत. घड्या चक्क छापलेल्या होत्या! भिंगाखाली श्रेयनामावलीची बारीक अक्षरेही ठिपक्यांनी फुटलेली दिसली, जी मूळ छपाईत सहसा सलग व रेखीव असतात.

‘रिबेल विदाउट अ कॉज’च्या (१९५५) काळातील अमेरिकन ‘वन शीट’ (एका कागदावरचे नेहमीच्या आकाराचे पोस्टर) साधारण २७ बाय ४१ इंचांचे असे व चित्रपटगृहांकडे सहसा घडी घालून जाई, त्यामुळे घडी हा दोष मानू नये. त्याच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाआधी ‘आर’ (R) हे अक्षर असल्यास ते पुनःप्रदर्शनाचे समजावे. आपल्याकडील पोस्टरांवर अशी खूण सहसा नसते, हीच खरी अडचण. (इंदुरात वाढलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले, हे येथे किती जणांना आठवते?)

ज्यांच्या माळ्यावर अशी पोस्टरे असतील, त्यांनी ती कृपया लॅमिनेट करू नयेत. ते प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

आपला,
एक वाचक, इंदूर