प्रवासी जलरंग संच सदोष असल्याबद्दल तक्रार

दि. १६ डिसेंबर २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संचातील गळका वॉटरब्रश, कागदाच्या वजनाबद्दलची चुकीची माहिती आणि विमान प्रवासाबद्दलची दिशाभूल

महोदय,

सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना मी दरवर्षी कृष्णेच्या घाटावर, मंडईत, एसटी स्टँडवर बसवून स्केच करायला लावत असे. घराबाहेर बसून रंगवायचे तर पिशवीत काय हवे आणि कशाचे नुसते ओझे होते, हे मी जवळून पाहिले आहे.

७ ऑक्टोबरला तुमच्या संकेतस्थळावरून मी ३,४५० रुपयांचा प्रवासी जलरंग संच मागवला. १२ हाफ पॅनची (सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांची) पत्र्याची पेटी, दोन वॉटरब्रश (दांड्याच्या नळीतच पाणी भरायचे ब्रश), ए-५ आकाराची २० पानांची वही, पेन्सिल, कटर, दोन क्लिपा आणि हे सगळे मावेल असे कापडी पाऊच. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘गळत नाही’, ‘विमानात हातातल्या बॅगेत न्या’, ‘३०० जीएसएम, १०० टक्के कॉटन’ (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन). या तीन गोष्टींसाठीच मी एवढे पैसे मोजले. नाहीतर माझी जुनी पेटी आणि बाटलीच्या झाकणात घेतलेले पाणी यावर माझे आजवर उत्तम भागले होते.

२० नोव्हेंबरला मी पुण्याहून विमानाने वाराणसीला गेले. काशीतले आपल्या माणसांनी बांधलेले घाट काढायचे, असे गेली कित्येक वर्षे मनात होते. अहिल्याबाईंचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंदे घाट. पाच दिवस हाताशी होते.

पुणे विमानतळावर सुरक्षा तपासणीतच कटर काढून घेतला. पाते असलेली वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही आणि तपासणाऱ्यांनी त्यांचे काम केले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही की ‘हातातल्या बॅगेत न्या’ असे छापलेल्या खोक्यात तुम्हीच कटर घालता. रांगेत सगळी बॅग उपसून दाखवावी लागली ते वेगळेच. त्या जागी बारा रुपयांचे साधे शार्पनर घातले असते तर प्रश्नच नव्हता.

खरे नुकसान त्यानंतर झाले. विमानाला वेळ होता म्हणून समोर बसलेल्या एका आजोबांचे स्केच केले आणि त्यात एका वॉटरब्रशमधले पाणी निम्म्यावर आले. टोपण नीट लावून तो पाऊचमध्ये ठेवला आणि पाऊच माझ्या जुन्या स्केचबुकला लागून. वाराणसीला उतरून पिशवी उघडली तर पाऊच चिंब आणि स्केचबुकची खालची बाजू भिजून फुगलेली. त्या वहीत फाउंटन पेनने काढलेली सांगलीच्या गावभागातली घरे होती. २०१९ च्या पुरानंतर त्यातली काही उतरवली गेली. ती पाडायच्या आधी उंबऱ्यासमोर बसून, घरातल्या माणसांशी बोलत मी ती काढून ठेवली होती. अकरा पानांवरची शाई पसरली आहे. एका दाराची चौकट तेवढी ओळखू येते, बाकी निळा डाग. हे पैशात मागता येत नाही म्हणून मी मागत नाही, पण तुम्हाला ते कळले पाहिजे.

१० डिसेंबरच्या तुमच्या ईमेलमध्ये लिहिले आहे की, विमानात वॉटरब्रश रिकामा करून न्यायचा असतो, त्यामुळे ही ‘वापरातील चूक’ आहे. यातले शास्त्र मला माहीत आहे. उडत्या विमानात केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. दाब उतरला की अर्धवट भरलेल्या नळीत कोंडलेली हवा पाव ते एक तृतीयांशाने फुगू पाहते आणि पाण्याला बाहेर ढकलते. म्हणून ब्रश एकतर पूर्ण रिकामा न्यावा, नाहीतर काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता. पण हे तुमच्या खोक्यावर, माहितीपत्रकात किंवा संकेतस्थळावर एका ओळीनेही लिहिलेले नाही. तिथे लिहिले आहे ‘गळत नाही’. घरी आल्यावर मी ब्रश उघडून माझ्याकडच्या जुन्या ब्रशशेजारी ठेवला. जुन्याच्या आट्यांपाशी रबराचा बारीक वायसर आहे. तुमच्या दोन्ही ब्रशांत त्याच्यासाठी खाच आहे, वायसर नाही. म्हणजे तो बसवायचाच राहिला आहे. फोटो सोबत आहे.

आता कागदाबद्दल. तुमची वही मी बनारससाठी राखून ठेवली होती, पहिले पान शिंदे घाटावरच उघडले. तिथे पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ आहे. घाट पूर्वेला तोंड करून आहेत, त्यामुळे गंगेपलीकडून सूर्य वर आला की सगळ्या पायऱ्यांवर कोवळे ऊन एकदम येते आणि तासाभरात ते कडक होऊन जाते. तेवढ्यात चित्र धरायचे असते. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला तर कागदाला लाटा आल्या आणि रंग खोलगट भागात साचून कड धरून वाळला. देवळाच्या शिखराला दुसरा थर द्यायला गेले तर ब्रशखाली कागदाचे बोंदरे निघू लागले, खोडरबर घासल्यावर निघतात तसे. चांगला कॉटनचा कागद तीन-चार थर सहज सोसतो, पुसून उजेड काढू देतो. सलग दोन सकाळी असेच झाले. तिसऱ्या दिवशी गोदौलियाच्या एका वहीपेनाच्या दुकानातून साधा ड्रॉइंग पेपर आणला आणि उरलेले घाट पेन्सिलीनेच केले. ज्या उन्हासाठी गेले होते ते कागदावर आले नाही.

परत आल्यावर वहीतली दहा कोरी पाने सोडवून आमच्या नेहमीच्या सराफाच्या काट्यावर तोलली. ए-५ पान १४८ बाय २१० मिलिमीटरचे असते. ३०० जीएसएमचा कागद असेल तर अशी दहा पाने ९३ ग्रॅम भरायला हवीत. भरली ६२ ग्रॅम. म्हणजे कागद २०० जीएसएमचा आहे. सराफांनी पुन्हा तोलून पाहिले, आकडा तोच. कॉटन किती आणि लगदा किती हे घरी तपासता येत नाही, पण वजनाचा आकडा खोटा असेल तर त्याच्या शेजारच्या आकड्यावर मी कसा विश्वास ठेवायचा?

रंग चांगले आहेत, हेही लिहायला हवे. मातकट पिवळा तर फारच छान उतरतो. फक्त पॅनच्या कागदावर रंगद्रव्याचा क्रमांक छापा. अल्ट्रामरीन निळ्यावर पी.बी. २९ लिहिलेले असले की घेणाऱ्याला कळते आपण काय घेतले, आणि कोणता रंग उन्हात विटेल हेही आधी ताडता येते.

माझ्या सांगण्यावरून माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी हाच संच घेतला आहे. एक नोकरीच्या पहिल्या पगारातून. त्यांना मी फोन करून सगळे सांगितले, आणि तो फोन करताना मला फार वाईट वाटले.

माझ्या मागण्या अशा आहेत. संचाचे ३,४५० रुपये परत करावेत. पुढच्या खरेदीवर देऊ केलेले १० टक्के सवलतीचे कूपन मला नको. ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला आहे त्यांना वायसर पाठवावेत आणि विमानात किंवा डोंगरातला घाट चढताना ब्रश कसा न्यावा ते मराठीत व हिंदीत लिहून कळवावे. कटर काढून शार्पनर घालावे. आणि जोवर वहीत ३०० जीएसएमचा कागद घालत नाही तोवर खोक्यावरचा तो आकडा झाकावा.

२७ नोव्हेंबरच्या माझ्या पहिल्या ईमेलची पोचसुद्धा मिळाली नव्हती. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तो महिना २७ डिसेंबरला पूर्ण होतो. तोपर्यंत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि वेळ माझ्याकडे आहे.

दोन्ही ब्रश आणि तोललेली दहा पाने मी जपून ठेवली आहेत. तुमचा माणूस पाहायला आला तर दाखवीन, मात्र निकाल लागेपर्यंत हातातून सोडणार नाही.

आपली,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलाच्या प्रतीवर आहे)

सोबत: बिलाची प्रत, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, वॉटरब्रशच्या आट्यांचा फोटो, काट्यावरच्या पानांचा फोटो, भिजलेल्या अकरा पानांचे फोटो, तुमच्या १० डिसेंबरच्या ईमेलची प्रत.